लगतच्या खातेदारास नोटीस

ठोंबरे भाऊसाहेबांनी मला नोटीस दिली तेव्हा मी खोपोलीच्या शाळेतल्या लॅबमध्ये नववीच्या मुलींना फोल्डर कसं करायचं ते शिकवत होते. दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा राहिला. पायात रबरी चपला, बगलेत पत्र्याची नळी. नळीतून त्यांनी एक लांबट कागद काढला आणि माझ्याकडून पोच घेतल्याशिवाय तो सोडला नाही. कागदावर लिहिलं होतं : 'मौजे पळसदरी येथील आमचे राहते घराचे पडवीत जुने वर्कस्टेशन नग बारा यांवर युनिक्स जातीची बीएसडी ही प्रणाली बसविणेचे योजिले आहे. तरी आपण सदर कामी सीडी घेऊन समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपले काही एक म्हणणे नाही असे समजून पुढील काम करणेत येईल.' खाली वळणदार सही, आणि सहीखाली 'भूकरमापक (सेवानिवृत्त)'.

"पण सीडीच नसेल तर काम पुढे जाणार कसं?" मी विचारलं.

"नाय जानार," ते म्हणाले. "पन तसं लिवायची पद्धत हाय."

सीडी लिहू शकणारा एक जुना पीसी आमच्या लॅबमध्ये अजून जिवंत आहे, हा शोध त्यांनी कुठून लावला होता देव जाणे. जाताना त्यांनी खोलीकडे एकवार नजर फिरवली आणि "अर्ध्या गुंठ्याला थोडी कमी भरंल" असं सांगून गेले. नंतर मी टेप लावून बघितलं. माणूस बरोबर होता.

भाऊसाहेबांनी सगळी नोकरी कर्जत-खालापूरच्या जमिनी मोजण्यात घालवली होती. सेवानिवृत्त झाले तरी मोजणी सुटली नव्हती. कुणाच्याही अंगणातून ते मधून म्हणून चालत नसत. कडेकडेने, कुंपणाला खेटून जात. चहा घ्यायला आत बोलावलं तरी भिंतीच्या बाजूबाजूने खुर्चीपर्यंत पोचत. "मधनं चाललं की वहिवाट पडते," म्हणत. "उद्या तुमीच म्हनाल, ठोंबऱ्यानं वाट पाडली." लग्नाच्या मांडवातसुद्धा ते असेच परिघावरून आहेर द्यायला जात आणि त्यांच्यामागची सगळी रांग बिचारी मांडवाला प्रदक्षिणा घालत असे.

असल्या माणसाचा युनिक्सशी संबंध काय, हे मलाही कोडं होतं. उत्तर साधं निघालं. नोकरीत असताना नकाशांच्या कामासाठी त्यांच्या कचेरीत एक वर्कस्टेशन आलं होतं. त्याच्या ट्रेनिंगला जायला कुणी तयार होईना, म्हणून ह्यांना धाडलं. ते एक जाडजूड वही भरून घेऊन आले. तोवर मशीन दुसरीकडे हलवलं होतं. वही मात्र त्यांनी जपली, आणि बीएसडीवर त्यांचा जीव बसला तो कायमचा. लिनक्स का नको, असं मी विचारलं होतं. "चांगलं हाय ते बी," ते म्हणाले. "पन हितं बगा, प्रत्येक हिश्श्याला अक्षर. ए, बी, मग डी, ई. आनि सी म्हंजे अख्खी डिस्क. हिस्से किती पन पाडा, सी जागच्या जागी. मूळ गट नजरेसमोर ऱ्हायला पायजे, बाई. भांडनं तो इसरला की व्हतात."

भांडणाबद्दल त्यांना बोलायचा अधिकार होता. त्यांचं स्वतःचं चौदा वर्षं चालू होतं.

धाकटा भाऊ काशिनाथ त्याच घरात राहायचा. कौलं एक, दारं दोन, मध्ये भिंत. वडिलांच्या मागे शेताचे हिस्से झाले तेव्हा भाऊसाहेबांनी हौसेने स्वतःच मोजणी केली, आणि बांध हातभर काशिनाथच्या बाजूला सरकला. काशिनाथ पंचांसमोर म्हणाला, "दादानं साखळी ढिली धरली." मोजणीदाराला चोर म्हटलेलं चालेल, पण साखळी ढिली धरली म्हटलेलं चालत नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद.

काशिनाथ साजगावच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या विभागात होता. अठरा वर्षं तो एकाच वर्कस्टेशनवर बसला. नंबर सात. कारखाना बंद पडला. काशिनाथ घरी येऊन झोपाळ्यावर बसला तो बसलाच. कुणाकडे जाणं नाही, येणं नाही, भिंतीपलीकडून दिवसभर झोपाळ्याच्या कड्यांची करकर. भाऊसाहेब ही करकर ऐकत बसायचे. दोन वर्षं त्यांनी ऐकली. मग एके दिवशी खोपोलीत इसाकभाईंच्या भंगारच्या वखारीत त्यांना ती मशीनं ढिगाने पडलेली दिसली. सात नंबरच्या कपाळावर मार्करने 'काशिनाथ' लिहिलेलं होतं.

पुढचं मला इसाकभाईंनीच सांगितलं. "मी बोललो, भाऊसाहेब, एक पायजे तर एक न्या ना. बारा कशाला? तर बोलले, एकच नेला तर लोकं इचारतील, कशाला नेला." इसाकभाई दाढीत हसले. "टेंपोभर सामान नेलं, एक सामान लपवायला."

भावाला त्या मशीनसमोर परत बसवायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. मी म्हटलं, मग हाक मारा की, हातभर तर भिंत आहे.

"हाक कशी मारनार? बोलनं बंद हाय." त्यांनी माझ्याकडे एखाद्या मंद कारकुनाकडे बघावं तसं बघितलं. "पन नोटीस काडायला बोलनं लागत नाय. तो लगतचा खातेदार हाय. कायद्यानं त्याला कळवायलाच पायजे."

अशा रीतीने जगात कुठे झालं नसेल तसं ऑपरेटिंग सिस्टीम बसवायचं काम मौजे पळसदरीत सुरू झालं. प्रत्येक मशीनसाठी पंधरा दिवस आधी काशिनाथला नोटीस. ठरल्या रविवारी पंच गोळा करायचे. मग डिस्कचं टिपण, म्हणजे पेन्सिलने काढलेला कच्चा नकाशा. डिस्कवर सिलिंडर किती, म्हणजे चकतीवरची वर्तुळं किती, कुठल्या वर्तुळापासून कुठल्या वर्तुळापर्यंत कुणाचा हिस्सा, हे रंगीत पेन्सिलीने भरायचं. ए म्हणजे मूळ प्रणालीचं गावठाण. बी म्हणजे मेमरी कमी पडली की सगळ्यांनी वापरायची जागा. त्याला ते गुरचरण म्हणत. आणि दर दोन हिश्श्यांच्या मध्ये एक सिलिंडर रिकामं. बांध.

"भाऊसाहेब, ह्याची गरज नसते," मी पहिल्याच दिवशी सांगितलं. "हिस्से चिकटून ठेवले तरी चालतात. जागा फुकट जाते."

"बांध नाय ठेवला तर उद्या भांडन मिटवायला कोन येनार? तुमी?"



पंचांमध्ये कायमची एकच व्यक्ती होती, हिराबाई. वरच्या ठाकरवाडीतून ती शेवळं, करवंदं, कुड्याच्या शेंगा असं काहीबाही विकायला खाली यायची. भाऊसाहेबांचं म्हणणं, पंच असा पाहिजे की ज्याचा डिस्कमध्ये काडीचा हितसंबंध नाही. हिराबाई टोपली पडवीच्या कडेला ठेवून बसायची, सगळं ऐकायची, आणि सही ठोकायची. पण तिच्या डोक्यात आकडे पक्के बसत. तिसऱ्या मशीनच्या वेळी भाऊसाहेब गुरचरणाचा आकडा चुकले तर ती शेंगा निवडता निवडता म्हणाली, "मागल्या खेपंला चारशे धरल्यात. आता साडेतीनशे कशी? गुरं कमी झाली का?" भाऊसाहेबांनी मुकाट्याने चारशे केले.

नोटीस बजावायचं कामही तिचंच. ती पलीकडच्या दाराशी जायची आणि परत येऊन अहवाल देत असे. पहिल्या वेळी : "दार आपाटला." भाऊसाहेबांनी शेरा मारला, 'घेण्यास नकार', आणि रीतीप्रमाणे नोटीस काशिनाथच्या दाराला भाताच्या खळीने चिकटवून आले. दारापर्यंत अर्थात कडेकडेनेच. तिसऱ्या वेळी : "घेतला नाय, पन दार आपाटला नाय." पाचव्या वेळी : "घेतला नाय. च्या दिला."

"काय म्हनला?"

"म्हनला, बारीक अक्षरात लिवतो दादा, डोळं गेलं का त्याचं?"

भाऊसाहेब उठून मागच्या दारी गेले. बऱ्याच वेळाने आले आणि सहावी नोटीस मोठ्या अक्षरात लिहायला घेतली.

ह्या मशीनांचा आणखी एक चमत्कारिक स्वभाव होता. त्यांच्या पोटात एक छोटी बॅटरी असते. ती मेली की मशीन स्वतःचं नावगाव विसरतं. बाराही मशीनांच्या बॅटऱ्या कधीच मेलेल्या. त्यामुळे चालू केलं की प्रत्येकाला तू कोण ते सांगावं लागे. भाऊसाहेबांनी मशीनांना शेतांची नावं ठेवली होती : खाचर, वरकस, उंबरमाळ, कोंड. सकाळी आंघोळ करून ते ओळीने प्रत्येकासमोर बसत आणि टाइप करता करता मोठ्याने म्हणत, "तू खाचर. ध्यानात ठेव." मशीन ध्यानात ठेवत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला एकदा हसू आवरेना, तर म्हणाले, "मानसं बी इसरतात, बाई. त्यांना कोन रोज सांगतं?"

चौथं मशीन माझ्या हातून बिघडलं, तेही सांगायला हवं. भाऊसाहेब डोळे तपासायला कर्जतला गेले होते. मी म्हटलं, किती वेळ चाललंय हे टिपण आणि पंचनामा, झटपट उरकून टाकू. उरकलं. दोन दिवस मशीन छान चाललं. तिसऱ्या दिवशी फाइली गायब व्हायला लागल्या. एका आकड्यात चूक करून मी ई हिस्सा डी संपायच्या आधीच सुरू केला होता, आणि दोघं एकमेकांच्या जागेत लिहीत सुटले होते.

भाऊसाहेबांनी रीतसर सुनावणी लावली. मला पडवीत उभं केलं.

"अतिक्रमन कुनी केलं?"

"मी."

"कारन?"

"घाई."

त्यांनी 'कारण : घाई' असं लिहून माझी सही घेतली. एम.एस्सी. झालेली बाई मी, वीस वर्षं शिकवतेय, आणि एका म्हाताऱ्याच्या पडवीत घाईचा कबुलीजबाब देत उभी होते. "बाईला खाली बसू द्या आता," हिराबाई म्हणाली, "कबूल झाली ना?" तेव्हा कुठे मला बसायला मिळालं. त्या दिवसापासून बांधाला मी कधी नाव ठेवलं नाही.

अकरा मशीनं लागली. त्यावर काय चालायचं? काहीच नाही. काळ्या पडद्यावर नाव, तारीख, आणि खाली लुकलुकणारा ठोकळा. पळसदरीचं धरण बघायला आलेली मुंबईची मंडळी पडवीत डोकावून विचारत, "काका, सायबर कॅफे आहे का?" "नाय." "मग म्युझियम?" "नाय. मोजनी झालेली हाय," भाऊसाहेब सांगत. मंडळी एकमेकांकडे बघत निघून जात. अकरा नोटिसा काशिनाथच्या दाराला चिकटल्या, आणि दर वेळी दुसऱ्या सकाळी दार स्वच्छ दिसे. फाडून फेकत असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. भाऊसाहेबांचा आवाज त्या दिवसांत बारीक झाला होता. एकदा ते मला म्हणाले, "बारावी गेली की मग नोटीस काडायला कारन उरत नाय, बाई." मला त्यांची फार दया आली. आणखी भंगार शोधू का, असंसुद्धा मी इसाकभाईंना विचारून आले.

बारावं मशीन म्हणजे सात नंबर. त्याचा रविवार आला. काशिनाथ आला नाही. वाट बघून दहा वाजता भाऊसाहेबांनी 'गैरहजर' लिहिलं आणि सीडी लावली. हिस्से पडले, बांध पडले, फाइली उतरू लागल्या. आणि शेवटाला आल्यावर मशीनच्या पोटातून आवाज यायला लागला. कट्. कट्. कट्. मग सगळं ठप्प.

पुन्हा लावलं. पुन्हा त्याच जागी, कट्, कट्, कट्. जेवून तिसऱ्यांदा लावलं.

"डिस्क गेली, भाऊसाहेब," मी म्हटलं. "दुसऱ्या मशीनची काढून घालू."

"नाय. हीच पायजे. त्याची हीच हाय."

कट्. कट्. कट्. भाऊसाहेब पडद्याकडे बघतच नव्हते. ते भिंतीकडे बघत होते. हिराबाईनेही शेंगा निवडायचं थांबवलं. मग माझ्याही लक्षात आलं. पलीकडे झोपाळ्याची करकर बंद झाली होती.

पलीकडचं दार वाजलं. पडवीच्या तोंडाशी एक बुटका, जाड भिंगांचा चष्मा घातलेला माणूस उभा राहिला. हातात बारावी नोटीस. तिच्या पाठीला वाळलेली खळ तशीच होती.

"हरकत हाय," काशिनाथ म्हणाला.

भाऊसाहेबांनी कोरा कागद ओढला. 

"हरकतदाराचं पूर्ण नाव?"

"काशिनाथ धोंडू ठोंबरे."

"वडलांचं नाव?"

"आता सांगितला ना. धोंडू. तुझा बी तोच व्हता."

"जबाबात येगळं लिवावं लागतं. वय?"

"तुज्यापेक्षा तीन वर्सांनी कमी."

"हरकत कशाबद्दल?"

आता मात्र काशिनाथचा तोल गेला. "अरं सकाळपासनं तीनदा ठोकतोस तिला! मरंल ती! ह्या डिस्कचे शेवटचे दोनशे सिलिंडर खराब हायत. मी अठरा वर्सांत तिकडं एक रेघ ठेवली नाय. आवाज आला की बंद करायचं, येवढं कळत नाय? पोटखराबा लाव तो!"

पोटखराबा म्हणजे शेतातली नापीक जागा, जी उताऱ्यावर असते पण पेरायची नसते. मोजणीदाराच्या घरात जन्मलेल्या माणसालाच डिस्कबद्दल हा शब्द सुचेल. भाऊसाहेबांनी तो लिहून घेतला. मग उठून खुर्ची मोकळी केली आणि स्वतः बाजूच्या पाटावर बसले. काशिनाथ खुर्चीपर्यंत आला तोही भिंतीच्या कडेकडेने. हा आजार घराण्यातलाच होता तर.

"तू आकडे वाच," काशिनाथ म्हणाला, "मी टाकतो. आनि ह्या खेपंला साखळी ताठ धर."

 भाऊसाहेबांनी टिपण डोळ्यांजवळ धरलं आणि वाचायला लागले. दोन हिस्से झाल्यावर काशिनाथ थांबला.

"मधी हे रिकामं काय?"



"बांध," भाऊसाहेब म्हणाले. "नको असंल तर काडतो."

काशिनाथने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "चालायला लागतो बांध. नायतर मानूस शेतात जानार कुठनं?"

 मी टोपलीतल्या शेंगा निवडायला घेतल्या आणि चांगल्या शेंगासुद्धा बाहेर टाकल्या. हिराबाईने मला कोपर मारून थांबवलं. चार वाजता सात नंबर उठला, दोनशे सिलिंडर पडीक ठेवून. काशिनाथने त्याला नाव दिलं 'दादा'. भाऊसाहेब म्हणाले, असलं नाव शेताला नसतं. काशिनाथ म्हणाला, मग हरकत घे.

त्यानंतर मी पळसदरीला कमी गेले. तिथे माझी गरज उरली नव्हती. काशिनाथ सकाळी येऊन बाराही मशीनांना त्यांची नावं सांगतो, पुढे कसल्या कसल्या नट-बोल्टांची चित्रं काढतो, असं हिराबाई बाजारात भेटली की सांगायची. तिनेच एकदा सांगितलं की काशिनाथच्या ट्रंकेत त्या अकरा नोटिसा आहेत. दारावरून पाणी लावून अलगद सोडवलेल्या, वाळवलेल्या, नंबरवार लावलेल्या.

"मग घेत का नव्हता?" मी विचारलं.

"घेतली असती तर पुढली आली असती का?" हिराबाई म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला करवंदं मोजून द्यायला लागली.

भाऊसाहेबांना शेवटचं पाहिलं ते पावसाळा सरताना. पडवीत पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. बाजेवर पडून होते, फार वाळले होते. पायांशी बारा पडदे ओळीने उजळलेले. मी भिंतीच्या कडेने त्यांच्यापर्यंत गेले. ते पाहून भाऊसाहेब हसले.

तेवढ्यात काशिनाथ आला. हातात लांबट कागद, डावीकडे समास. बाजेशी उभं राहून त्याने घसा साफ केला आणि मोठ्याने वाचलं : "लगतचे खातेदार बाळाराम धोंडू ठोंबरे यांस. सात नंबरवर बीएसडीची नवी आवृत्ती टाकनेचे योजिले आहे. तरी उद्या सकाळी समक्ष हजर राहावे." वाचून झाल्यावर त्याने कागद पुढे धरला. "घे. पोच दे."

भाऊसाहेबांनी कागदाकडे पाहिलं. भावाकडे पाहिलं. मग दोन्ही हात पांघरुणाच्या आत घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"घेन्यास नकार," ते भिंतीला म्हणाले.

 काशिनाथने कनवटीची पेन्सिल काढून शेरा लिहिला, आत जाऊन वाटीत खळ घेऊन आला, आणि दादाच्या उशाशी भिंतीला नोटीस चिकटवू लागला. कोपरे नीट दाबले. अक्षर मोठं होतं, पडल्या पडल्या वाचता येईल असं.

"बरं," तो म्हणाला. "उद्या दुसरी आनतो."